कापड कोण धरणार?

यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फोटोवाल्या मास्तरांनी एकदा सकाळचा उजेड काचेच्या बरणीत भरून ठेवला होता. झाकण घट्ट लावलं, वरून फडकं बांधलं आणि बरणी माळ्यावर चढवली. पुढे ढगांनी आठवडाभर मुक्काम ठोकला, तेव्हा बरणी खाली काढली आणि त्या उजेडात चार जणांचे फोटो काढले. चौथ्याला जरा कमी पडला, कारण त्याचं नाक फार मोठं होतं. निम्मा उजेड नाकावरच संपला.

"काहीतरीच!" शेजारचा न्हावी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडला. "उजेड म्हणजे काय दूध आहे का मास्तर, बरणीत भरून ठेवायला?"

खट्.

मास्तरांनी हातातला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला होता.

"अहो, पण मी तयार नव्हतो!"

"म्हणूनच दाबला. तू तयार असलास की फार वाईट दिसतोस."

आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या मास्तरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातलं कापड थरथरलं. बरणीची थाप त्यांनी शंभरदा ऐकली असेल. तरी प्रत्येक वेळी नाकापाशी त्यांना हसू फुटायचंच.

मास्तरांचं म्हणणं असं, की कॅमेऱ्यासमोर बसला की जिवंत माणूस मेल्याहून मेला होतो. मान ताठ, ओठ शिवलेले, डोळे गोट्यांसारखे. मग खिडकीतून कितीही चांगला उजेड आणा, तो नुसता कातडीवर पसरून राहतो. आतला उजेड बाहेर काढायचा तर समोरच्याला एक धडधडीत थाप मारावी. खरं ऐकताना माणूस मिटलेला असतो. थाप पकडताना मात्र असा उघडतो, की आरशानेही त्याला कधी तसा पाहिलेला नसतो. तेवढा एक क्षण. त्या क्षणी फुगा दाबायचा. सगळ्या गावाच्या भिंतींवर मास्तरांनी काढलेले फोटो होते, आणि त्यातलं प्रत्येक माणूस 'काहीतरीच' म्हणायच्या बेतात होतं.

थापा हे मास्तरांचं खातं. उजेड हे बायकोचं.

स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली पत्र्याच्या पेट्या करणारा दिवसभर ठोकत बसायचा. खोलीला खिडकी एकच, पण चांगली दोन पुरुष उंच आणि पूर्वेची, त्यामुळे ऊन थेट आत घुसायचं. तशा उन्हात फोटो काढला तर नाकाची सावली ओठावर पडून बायकांनाही मिशा यायच्या. म्हणून ऊन आणि माणूस यांच्यामध्ये पांढऱ्या मलमलीचं कापड धरायचं. कापडातून गाळून आलेला उजेड गालावरून कसा उतरतो, यावर मास्तर तासभर बोलू शकत. ते कापड त्यांनी खिडकीला ठोकून टाकलं नव्हतं, कारण उजेड काही कपाटासारखा एका जागी उभा राहत नाही. ढगाचा तुकडा आला की कापड सारावं लागतं, गेला की ओढावं लागतं. त्यासाठी मास्तरीणबाई खिडकीच्या कट्ट्यावर काचेला पाठ करून उभ्या राहायच्या, दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात कापडाची कड. ढग आलेला त्यांना बघावा लागत नसे. पाठीवरची ऊब कमी झाली की कळायचं.

"डावा कोपरा सोड."

"सोडला."

"जरा जास्त झाला."

"जास्त झालाय तो तुमचा तोरा. उजेड बरोबर आहे."

बघावं तर बरोबरच असायचा.

कधीतरी गिऱ्हाईक गेल्यावर त्या खाली उतरायच्या, हात चोळत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, माझा एक काढा ना."

"काढू की. पण कापड कोण धरणार?"

पहिल्यांदा दोघेही हसले. कोडं खरंच मजेशीर होतं. चांगला उजेड बायकोने धरला तरच यायचा, आणि बायको खुर्चीत बसली की चांगला उजेड संपला. न्हावी एकदा म्हणाला, "त्यात काय मास्तर, मी धरतो घटकाभर." मास्तर म्हणाले, "तू धरलेल्या उजेडात मी माझ्या मांजराचासुद्धा फोटो काढणार नाही." मांजर नव्हतंच त्यांच्याकडे, पण मुद्दा न्हाव्याला कळला.

मग ते उत्तर होऊन बसलं. मुलगी झाली तेव्हा "तिच्यासोबत एक काढा" म्हणाल्या. कापड कोण धरणार? मुलगी चालायला लागली तेव्हा म्हणाल्या. आज उजेड बरा नाही. उद्या. परवा. उन्हं तिरपी होऊ देत. मास्तरांना वाटायचं, बायकोचा फोटो काढायचा तर असा काढावा की बघणाऱ्याने जागीच थबकावं. साध्या उजेडात बायकोला बसवणं म्हणजे त्यांना तिचा अपमान वाटायचा. आणि खरं सांगायचं, तर स्वतःचाही.

लग्नाचे फोटो होते, नाही असं नाही. दुसऱ्या गावच्या कुणा फोटोवाल्याने भर दुपारी काढलेले. ऊन बरोबर डोक्यावर, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. मास्तरांनी ते बघितले, "हे लग्न आहे की कवट्यांची सभा?" म्हणाले आणि टराटरा फाडले. "माझ्या घरात हे? लोक तोंडात शेण घालतील." खाली वाकून एक तुकडा तेवढा बायकोने उचलला. त्यात नवऱ्याचं अर्धं कोपर आलं होतं. तोही पुढे कुठे गेला कोण जाणे.

मुलगी चार वर्षांची असताना मास्तरीणबाई तीन दिवसांच्या तापात गेल्या. आतल्या खोलीत निजवलं होतं. तिथे खिडकी नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तर उशाशी बसले होते तेव्हा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "आता तर बोलायलाच नको. इथे उजेडच नाही." आणि हसल्या. वय एकोणतीस.

गेल्या त्या सकाळी मास्तर बाहेरच्या खोलीत आले, तर खिडकीतून ऊन असं सुरेख आलेलं, पातळ, दुधाळ, वरून विरळ ढगांची चाळण लागलेली. कापडाची गरजच नव्हती. असा उजेड वर्षातून दोनदा येतो. मास्तर त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना उजेडाचा संताप आला.

त्यांनी खिडकी बंद केली ती केलीच. विजेचे दिवे आणले. फोटो निघत राहिले, थापा चालू राहिल्या, आणि सगळ्यांत मोठी थाप त्यांनी घरातच मारली.

"बाबा, आईचा फोटो नाही?"

"आहे ना! पण तुझी आई हसायची ती इतकी लख्ख, की फोटोला उजेड लागला तर जळून जाईल. म्हणून अंधारात ठेवलाय. तू मोठी झालीस की काढू."

मुलीचं नाव काहीही असो, मास्तर तिला ठकी म्हणायचे. लाकडी ठकीसारखी कॅमेऱ्यासमोर ती हलायची नाही म्हणून. सहाव्या वर्षी ठकीने ते खरं मानलं. बाराव्या वर्षी 'काहीतरीच बाबा' म्हणाली. विसाव्या वर्षी विचारायचं सोडून दिलं. मधल्या काळात उजेडाचं सगळं शास्त्र मात्र तिने बापाकडून शिकून घेतलं. बाजूने आला तर चेहऱ्याला उठाव, वरून आला तर खड्डे, पाठीमागून आला तर माणूस काळा. शिकून सवरून ती दूरच्या शहरात, दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. मास्तर न्हाव्याला सांगायचे, "पोरगी माझ्याच धंद्यात आहे, पण सुखी आहे. हाडांचे फोटो. गिऱ्हाईक हसलं काय, रडलं काय, सारखंच येतं."

आणखी एक गोष्ट होती. ती मास्तरांनी न्हाव्यालाही सांगितली नव्हती. सहा-सात वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांनी सहज बायकोचा चेहरा आठवायला घेतला, आणि तो आलाच नाही. हात आले. कट्ट्यावरचे पाय आले, डाव्या टाचेची भेग आली. आवाज तर असा आला की त्यांनी वळून बघितलं. पण चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं, फिल्मला उजेड लागून जावा तसं. साबण गालावर वाळेपर्यंत ते आरशासमोर उभे होते. तेव्हापासून रोज प्रयत्न करायचे. रोज पांढरं.

यंदा ठकी आली ती आठ दिवसांची रजा काढून. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मी निगेटिव्हचे सगळे डबे उघडणार आहे."

"कशाला? धूळ खाशील नुसती."

"मी चाळिशीला आले. आई एकोणतीसची होती. आता माझी आई माझ्याहून लहान आहे, आणि मला तिचं तोंड माहीत नाही. रस्त्यात समोर आली तर मी बाजूला होऊन तिला वाट देईन, बाबा. ओळखणार नाही."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. पुसतच राहिले.

"लग्नाचे तरी असतील?"

"ते पुरात गेले."

"आपल्या गावाला नदी नाही."

"तेव्हा होती," मास्तर म्हणाले. ठकीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

तिने डबे काढले. आधी एक्स-रे बघायचा दिवा टेबलावर मांडला, सोबत आणलाच होता, आणि एकेक निगेटिव्ह त्यावर ठेवून डोळ्याला भिंग लावून बघायला लागली. मास्तर दाराशी स्टुलावर बसून राहिले. ती झाकण उघडायची आणि ते उरलेले डबे मोजायचे. डब्यात काही सापडेल याची त्यांना भीती नव्हती. काहीच सापडणार नाही, हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं, आणि डबे एकेक करून संपत चालले होते. शेवटचा डबा संपल्यावर पोरगी मान वर करून विचारणार. तेव्हा काय सांगायचं? की मला तोऱ्यापायी वेळ झाला नाही?

चौथ्या दिवशी दुपारी ठकी भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "बाबा, हा डाग कसला?"

"कुठला?"

"डोळ्यात. हा न्हावीकाका ना? याच्या बुबुळात. खिडकीची चकाकी आहे, आणि तिच्या कडेला काहीतरी आहे. आधीच्या बाईच्या डोळ्यातही होतं. त्याच्या आधीच्या म्हाताऱ्याच्याही. मला वाटलं, फिल्मच खराब."

मास्तर उठले. भिंग घेतलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, पण मास्तरांच्या डोळ्यांना ते सुलटंच दिसायचं. न्हावी 'काहीतरीच' म्हणत होता. त्याच्या बुबुळात तांदळाच्या कणीएवढी खिडकी होती. खिडकीच्या कडेला, मोहरीच्या दाण्याहून बारीक, कुणीतरी हात वर करून उभं होतं.

मास्तरांनी टेबल धरलं.

"डाग नाही तो," ते म्हणाले. "तुझी आई आहे."

ठकीने भिंग हिसकावूनच घेतलं. मग दोघांनी डबेच्या डबे पालथे घातले. शाळामास्तरच्या डोळ्यात आई. गवंड्याच्या डोळ्यात आई. पोलिसाच्या, सुईणीच्या, रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यात आई. सगळं गाव तिला बुबुळात घेऊन भिंतींवर लटकत होतं, आणि घरात एक फोटो नव्हता. ठकी हसत होती, रडत होती, दोन्ही हातांनी निगेटिव्ह उचलत होती.

"मोठा करता येईल, बाबा?"

"मी केलेला कुठला मोठा झाला नाही आजवर?"

न्हाव्याचीच निगेटिव्ह सगळ्यांत धारदार होती. मास्तर अंधाऱ्या खोलीत शिरले. "आत येऊ नकोस. फट उघडली तर कागद जाईल."

"मला शिकवताय?" ठकी बाहेरून म्हणाली.

त्यांनी फोटो मोठा करायच्या यंत्राची मान शेवटच्या खाचेपर्यंत वर चढवली. तरी पुरेना, तेव्हा यंत्र आडवं करून उजेड भिंतीवर टाकला आणि भिंतीला कागद लावला. न्हाव्याचं एक बुबुळ भिंतभर झालं. कागद औषधात बुडवला. लाल दिव्याखाली आधी खिडकी आली, गजांसकट. मग कापडाची कड, पंखासारखी उचललेली. मग हात. कोपरं. किंचित डावीकडे कललेली मान. ती मान मास्तरांनी लगेच ओळखली. थाप ऐकताना ती तशीच मान कलती करायची. आता चेहरा. आता येईल.

चेहरा काळा आला.

त्यांनी दुसरा कागद लावला, वेळ कमी दिला. काळा. तिसऱ्याला त्याहून कमी. चेहऱ्यावर हाताची सावली धरून चौथा. उजेडाची पन्नास वर्षांची विद्या त्यांनी त्या पाच बोटांएवढ्या जागेवर ओतली. पण जिथे मुळात उजेडच पोचला नव्हता, तिथून काय निघणार? सगळा उजेड तिच्या मागून आला होता. तिच्यावरून, तिला ओलांडून, दुसऱ्यांच्या तोंडांवर गेला होता. ती त्यात मधे काळी उभी होती, आणि तिला तसं मास्तरांनीच उभं केलं होतं.

सगळे ओले कागद त्यांनी गुंडाळून खोक्याच्या तळाशी घातले.

"झाला?" ठकी दाराशीच होती.

"झाला होता," मास्तर म्हणाले. "स्वच्छ आला होता. पण माझाच हात लागून वरचा दिवा पेटला. गेला कागद. म्हातारा झालो, ठके."

"मग दुसरा काढा."

"आज नको. डोळे दुखतायत. उद्या."

हा शब्द तोंडातून गेला मात्र, त्यांची त्यांनाच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मास्तरांनी पूर्वेची खिडकी उघडली. कड्या गंजल्या होत्या, हातोडीने ठोकाव्या लागल्या. ऊन आत आलं, जुन्या ओळखीचं माणूस न विचारता घरात शिरावं तसं. पेटीच्या तळातून मलमलीचं कापड काढलं. ते आता चहाच्या रंगाचं झालं होतं.

"बस खुर्चीत," ते ठकीला म्हणाले. "उजेड वाया जातोय. तुझा एक काढतो."

"आणि कापड?"

मास्तर गॅलरीत गेले. दोरीवर ठकीची ओढणी वाळत होती. तिचे चिमटे त्यांनी काढून आणले. कट्ट्यावर चढवेना, म्हणून स्टूल घेतलं, कापडाची एक कड खिडकीच्या वरच्या गजाला लावली आणि चिमटा दाबला. दुसरी कड, दुसरा चिमटा. कापड नीट बसलं. ढग आले असते तर सारावं लागलं असतं, हे खरं. पण आकाश मोकळं होतं. आकाश कितीतरी दिवस मोकळं असायचं.

स्टुलावरून उतरून ते तिथेच उभे राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "दोन चिमटे."

ठकीला काही कळलं नाही. तिने केस मागे सारले आणि ती लहानपणीसारखी, न हलता बसली. गाळलेला उजेड तिच्या कपाळावरून गालावर उतरला. मास्तरांनी काळ्या कापडात डोकं घालून काच जुळवली, फिल्म सरकवली आणि हातात रबरी फुगा घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले.

"सांगा आता," ठकी म्हणाली. "बरणीची सांगणार?"

"बरणीची नको. कालची सांगतो. कागद जायच्या आधी मी पाहिला ना तिचा चेहरा."

ठकीचे डोळे त्यांच्यावर खिळले.

"अगदी स्पष्ट. आधी भुवया आल्या. जाड, आणि उजवी डावीपेक्षा जरा वर." मास्तर समोर बघत सावकाश बोलत होते, वाचून दाखवावं तसे. "मग डोळे. तपकिरी म्हणता येतील असे, खालची पापणी जड. नाक सरळ, पण शेंड्याला थोडं चपटं. डाव्या गालाला खळी, उजव्याला नाही. हनुवटीवर एक बारीकसा, बारीकसा..." ते थांबले. डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. "वण. लहानपणी पडली असेल कुठेतरी. आणि हसत होती. माझ्याकडे बघून हसत होती, ठके."

ठकीचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. तो वण तिचा होता. सातव्या वर्षी ती याच खोलीच्या जिन्यावरून पडली होती, आणि तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

खाली पेट्यांवरचं ठोकणं थांबलं होतं. मास्तरांच्या मुठीत फुगा होता, आणि तो त्यांनी अजून दाबला नव्हता.

"बाबा," ठकी म्हणाली, "खिडकी आईच्या पाठीमागे होती. पाठीमागून उजेड आला की माणूस काळा येतो, हे तुम्हीच शिकवलंय मला. त्या कागदावर चेहरा आलाच नाही. तुम्ही माझ्याकडे बघून सांगताय." तिने हनुवटीवरचा हात काढला नाही. "तुम्हालाही आठवत नाही ना आता?"